यंत्राचे सोंग आणि श्रमांची सावड

कारखान्यातला जुना लेथ भंगारात निघाला, तरी त्यावर वीस वर्षे काम केलेल्या टर्नरचे कसब भंगारात निघत नाही. नवे यंत्र आले की तो दोन-चार दिवस त्याच्याभोवती फिरतो, चक कसा बसतो, फीड कुठून बदलतो हे पाहून घेतो, आणि पाचव्या दिवशी त्याचा हात चालू लागतो. मनुष्याचे ज्ञान असे एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर चालत जाते, कारण ते त्याच्या अंगात मुरलेले असते. संगणकाच्या बाबतीत मात्र गोष्ट निराळी आहे. तेथे कारागीर आपले ज्ञान लिहून ठेवतो. त्या लिखाणाला आपण प्रोग्रॅम म्हणतो. आणि ते लिखाण ज्या जातीच्या यंत्रासाठी तयार केले, त्याच जातीच्या यंत्राला समजते. ती जात बाजारातून उठली की लिखाण जागच्या जागी मुके होते. शेकडो माणसांची अनेक वर्षांची मेहनत कपाटात शाबूत असते, परंतु तिला कोणी बोलते करू शकत नाही.

हे मुकेपण घालविण्याची एक विद्या आहे. तिला एम्युलेशन म्हणतात. एका यंत्राने दुसऱ्या यंत्राचे सोंग इतके हुबेहूब वठवायचे की प्रोग्रॅमला आपण परक्या घरी आहोत याचा पत्ताही लागू नये, असे तिचे स्वरूप आहे. या विद्येत फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने जी भर घातली, तिची ओळख आज करून द्यावयाची आहे. कामगार चळवळीतल्या माणसाने हा विषय का घ्यावा, अशी शंका काहींच्या मनात येईल. तिला आमचे उत्तर असे, की मेहनत कोणाची, ती कोणाच्या मालकीची होते आणि तिच्या राखणीचा भार कोणी वाहायचा, हे प्रश्न आम्ही आयुष्यभर गिरणीच्या दारात विचारीत आलो. तेच प्रश्न येथेही उभे आहेत. आम्ही हे शास्त्र कोणत्या महाविद्यालयात शिकलो नाही. वाचून, विचारून समजावून घेतले. म्हणून ज्या पायऱ्यांनी आम्ही चढलो, त्याच पायऱ्यांनी श्रोत्यांना नेतो.

पहिली पायरी अशी. संगणकाचे हृदय म्हणजे प्रोसेसर. त्याला अक्षरे कळत नाहीत. आकडे कळतात, आणि प्रत्येक आकडा ही त्याला एक आज्ञा असते. इंटेल घराण्याच्या प्रोसेसरला १४४ हा आकडा दिला, तर त्याचा अर्थ 'काही करू नकोस, पुढे चल' असा होतो. एआरएम घराण्याच्या प्रोसेसरला त्याच आकड्याचा हा अर्थ मुळीच लागत नाही. इंटेलची एक आज्ञा एका बाइटापासून पंधरा बाइटांपर्यंत कितीही लांब असू शकते. एआरएमच्या मूळ पद्धतीत प्रत्येक आज्ञा बरोबर चार बाइटांची. म्हणजे शब्द निराळे, व्याकरण निराळे, वाक्याची लांबीही निराळी. आपल्या टेबलावरचे बहुतेक जुने संगणक पहिल्या घराण्याचे आणि खिशातले बहुतेक मोबाइल दुसऱ्या घराण्याचे. एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्यात जसाच्या तसा का चालत नाही, ते यावरून ध्यानात येईल.

दुसरी पायरी तत्त्वाची आहे. १९३६ साली, इलेक्ट्रॉनिक संगणक अस्तित्वात येण्यापूर्वी, ॲलन ट्यूरिंग या इंग्रज गणितज्ञाने कागदावर एक यंत्र कल्पिले. दुसऱ्या कोणत्याही यंत्राचे वर्णन त्याला वाचावयास दिले, की ते त्या यंत्राचे काम करून दाखवील, असे ते सर्वसाधारण यंत्र होते. आजचा प्रत्येक संगणक या कल्पनेचा वंशज आहे. त्यामुळे एक संगणक दुसऱ्याचे सोंग घेऊ शकेल का, हा प्रश्न तत्त्वतः तेव्हाच सुटला. उरला तो व्यवहाराचा प्रश्न: सोंग वठेल, पण किती वेळात?

हा व्यवहार प्रथम मोठ्या प्रमाणावर साधला तो धंद्याच्या गरजेने. अमेरिकेच्या आयबीएम कंपनीचे, १९५९ साली जाहीर झालेले १४०१ नावाचे यंत्र हजारो कचेऱ्यांत बसले होते. १९६४ साली कंपनीने सिस्टिम ३६० ही सर्वस्वी नवी मालिका जाहीर केली. गिऱ्हाईक म्हणाले, नवे यंत्र ठीक आहे, पण आमच्या पगारपत्रकांचे आणि हिशेबांचे जुने प्रोग्रॅम पुन्हा कोण लिहील? तेव्हा कंपनीने नव्या यंत्रातच जुन्याचे सोंग घेण्याची सोय केली. एम्युलेटर हा शब्द या अर्थाने त्याच सुमारास आयबीएममध्ये रूढ झाला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही सोय विक्रेत्याच्या हाती होती. ती त्याने दिली तर मिळे. न दिली तर गिऱ्हाइकाने जुने प्रोग्रॅम टाकून द्यावेत किंवा नव्याने लिहावेत.

आता सोंग प्रत्यक्षात वठते कसे ते पाहू. एखाद्या पेढीत एक चोख कारकून बसला आहे अशी कल्पना करा. त्याच्यापुढे परक्या भाषेतील आज्ञांची लांबलचक यादी आहे. परक्या यंत्रात जितके कप्पे, तितके कप्पे त्याने आपल्या वहीत आखून घेतले आहेत. तो पहिली आज्ञा वाचतो, कोशात तिचा अर्थ शोधतो, सांगितलेल्या कप्प्यातील आकडे घेऊन बेरीज करतो, उत्तर योग्य कप्प्यात मांडतो, आणि दुसऱ्या आज्ञेकडे वळतो. या पद्धतीत चूक होत नाही, पण वेळ फार जातो. परक्या यंत्राने एका झटक्यात केले असते त्या कामासाठी कारकुनाला कोश उघडणे, अर्थ लावणे, कप्पा शोधणे अशी अनेक कामे करावी लागतात. एकच आज्ञा दहा लाख वेळा आली, तर तो दहा लाख वेळा कोश उघडतो. केव्हिन लॉटन यांचा 'बॉक्स' नावाचा एम्युलेटर याच पद्धतीचा होता. तो प्रथम विकत मिळे. २००० साली मँड्रेकसॉफ्ट या कंपनीने तो विकत घेऊन सर्वांसाठी मोकळा केला. पद्धत मंद असली तरी ते काम वाया गेले नाही, हे पुढे दिसेलच.

या ठिकाणी बेलार यांचा प्रवेश होतो. त्यांचा जन्म १९७२ साली फ्रान्समधील ग्रेनोबल येथे झाला आणि शिक्षण पॅरिसजवळच्या एकोल पॉलिटेक्निक या नामांकित संस्थेत. सतरा-अठराव्या वर्षीच त्यांनी प्रोग्रॅमची फाइल दाबून लहान करणारे एक साधन लिहिले होते. २००० साली त्यांनी एफएफएमपेग हा प्रकल्प सुरू केला. चलत्चित्रे एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात नेण्यासाठी तो आज जगभर वापरला जातो. २००९ च्या अखेरीस त्यांनी पाय या संख्येचे सुमारे २ लाख ७० हजार कोटी दशांश अंक काढले, आणि तेही टेबलावरच्या साध्या संगणकावर. त्याआधीचा उच्चांक त्याच वर्षी जपानमधील महासंगणकावर झालेला होता. मोठे यंत्र मिळाले नाही म्हणून अडून न बसता, आहे त्या यंत्राचा शेवटचा थेंब कसा पिळावा, ही या माणसाची वृत्ती त्यावरून कळते. हीच वृत्ती त्यांनी एम्युलेशनमध्ये आणली. २००३ साली त्यांनी 'क्यूएमू' हा एम्युलेटर जगापुढे ठेवला, आणि २००५ साली यूसनिक्स या संस्थेच्या परिषदेत एक निबंध वाचून त्याची रचना सांगितली.

त्या रचनेचे मर्म आमच्या कारकुनाच्याच दृष्टान्ताने सांगता येईल. प्रत्येक आज्ञेला कोश उघडण्याऐवजी कारकुनाने असे ठरविले, की यादीतील आज्ञांचा एक सबंध तुकडा, म्हणजे जेथे रस्ता फुटतो त्या वळणापर्यंतचा भाग, एकदाच आपल्या भाषेत उतरवून काढायचा आणि तो तर्जुमा जवळच्या वहीत ठेवायचा. पुन्हा तोच तुकडा आला की वही उघडायची; कोशाला हात लावायचा नाही. प्रोग्रॅमचा बराचसा वेळ थोड्याच तुकड्यांवर पुन्हा पुन्हा फिरण्यात जातो, म्हणून तर्जुम्याचा खर्च एकदाच पडतो आणि फायदा हजारदा होतो. २००५ च्या रचनेत ही वही १६ मेगाबाइटांची होती. ती भरली, की निवडानिवड करीत न बसता सगळी कोरी करायची आणि पुन्हा आरंभ करायचा, असा सुटसुटीत नियम होता.

मूळ कल्पना बेलार यांची एकट्याची नव्हे. तशी भाषांतरे करणारे प्रोग्रॅम आधीही होते. कौशल्य होते ते बारकाव्यांत. त्यातील तीन सांगतो. पहिला बारकावा: एका तुकड्यानंतर नेहमी दुसरा ठरावीक तुकडा येत असेल, तर पहिल्याच्या शेवटी दुसऱ्याचा पत्ता कायमचा जोडून टाकायचा. मग मध्ये कारकुनाला उठावेच लागत नाही. दुसरा: इंटेलचा प्रोसेसर प्रत्येक बेरजेनंतर काही शेरे नोंदवितो, उत्तर शून्य आले का, ऋण आले का, हातचा उरला का. हे शेरे बहुधा कोणी विचारीत नाही. म्हणून क्यूएमू ते लगेच काढीतच नाही; ज्यावरून काढता येतील ते आकडे जपून ठेवते आणि कोणी विचारलेच तर तेव्हा काढते. तिसरा: काही प्रोग्रॅम चालता चालता आपल्याच आज्ञा बदलतात. मग वहीतील तर्जुमा शिळा होतो. यावर उपाय म्हणून ज्या पानाचा तर्जुमा झाला त्यावर पहारा बसवायचा. त्या पानावर कोणी लिहावयास गेले की जुना तर्जुमा रद्द करायचा.

या सर्वांचे फळ काय? बेलार यांनी त्या निबंधात दिलेल्या मोजणीप्रमाणे, पूर्णांकांच्या कामात प्रोग्रॅम मूळ यंत्राच्या मानाने सुमारे ४ पट, आणि अपूर्णांकांच्या कामात सुमारे १० पट मंद चाले. सबंध यंत्राचे सोंग घेतल्यास आणखी सुमारे दुप्पट वेळ लागे. आकडे ऐकून कोणी म्हणेल, मंद तो मंदच. पण पूर्वी जे तासांत मोजावे लागे ते मिनिटांत आले, म्हणजे प्रयोगशाळेतील गंमत रोजच्या कामाची झाली.

आता आम्हांला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो तो भाग. तर्जुमा करणारा दुभाषा कसा बांधायचा? पाच परक्या भाषा आणि चार स्वतःच्या भाषा असतील, तर प्रत्येक जोडीला एक याप्रमाणे वीस दुभाषे लागतील. बेलार यांनी प्रथम एक युक्ती योजली. प्रत्येक आज्ञेचे लहान लहान घटक सी भाषेत लिहायचे, जीसीसी या प्रसिद्ध मोफत कंपायलरकडून त्यांचा यंत्रभाषेत तर्जुमा करून घ्यायचा, आणि ते तयार तुकडे उचलून एकापुढे एक जोडायचे. त्यामुळे क्यूएमू अल्पावधीत अनेक जातींच्या यंत्रांवर चालू लागले. परंतु ही युक्ती जीसीसी आपले तुकडे कोणत्या घाटाचे पाडते यावर अवलंबून होती. जीसीसीची चौथी आवृत्ती आली, घाट बदलला, आणि युक्ती लंगडी पडली. दुसऱ्याच्या साच्यावर आपला कारखाना उभारला की साचा बदलल्यावर असे व्हायचेच.

२००८ साली बेलार यांनी ती युक्ती बाजूला ठेवून टीसीजी ही नवी रचना आणली. तिची मुळे त्यांच्या आधीच्या कंपायलरविषयक कामात होती, तशीच पॉल ब्रुक या सहकाऱ्याने केलेल्या कामातही होती. तिच्यात मधली एक लहानशी, कोणत्याच यंत्राची नसलेली बोली ठरविली. परक्या यंत्राची आज्ञा आधी या बोलीत आणायची, आणि या बोलीतून घरच्या यंत्राच्या भाषेत न्यायची. आता पाच परक्या भाषांना पाच आणि चार घरच्या भाषांना चार, असे नऊ दुभाषे पुरतात. वीसच्या जागी नऊ! आणि याहून मोठा लाभ असा, की एखाद्या गावचा माणूस फक्त आपल्या एका यंत्राचा दुभाषा लिहून आणतो आणि पलीकडच्या बाजूच्या सर्व यंत्रांशी त्याचे बोलणे आपोआप जुळते. दुसऱ्यांना येऊन हात लावता यावा अशी जागा त्या रचनेतच ठेवलेली आहे. उत्तम संघटनेची घटनाही अशीच असते. नवा सभासद आला की त्याला प्रत्येकाशी स्वतंत्र करार करावा लागत नाही. एका घटनेवर सही केली की तो सर्वांचा होतो.

नुसत्या प्रोसेसरवर भागत नाही. यंत्राला डिस्क लागते, घड्याळ लागते, कळफलक, पडदा, नेटवर्क लागते, आणि वीज चालू होताच पहिल्याने जागा होणारा बायॉस नावाचा मूळ प्रोग्रॅम लागतो. हे सर्व भाग एकेक करून अनेकांनी लिहिले. बायॉस क्यूएमूने घेतला तो आधी उल्लेखिलेल्या 'बॉक्स'कडून. अशा तऱ्हेने मंद म्हणून मागे पडलेल्या एम्युलेटरमधील मेहनत वेगवान एम्युलेटरच्या पायात बसली.

उपयोगही नानाविध झाले. जुन्या यंत्राचे प्रोग्रॅम चालविणे हा एक. दुसरा उलट दिशेचा: जे यंत्र अजून बाजारात आलेले नाही, त्याचे सोंग आधी उभे करून त्यावर प्रोग्रॅम तयार ठेवायचे. रिस्क-फाइव्ह या नव्या, कोणाच्याही मक्त्यात नसलेल्या प्रोसेसर-घराण्याचा दुभाषा २०१८ साली क्यूएमूमध्ये आला, तेव्हा त्या घराण्याची यंत्रे फार थोड्यांनी पाहिली होती. अँड्रॉइड मोबाइलचे प्रोग्रॅम लिहिणारे तरुण आपल्या टेबलावर ज्या खोट्या मोबाइलवर ते तपासतात, तो एम्युलेटरही क्यूएमूच्याच पायावर उभा आहे. मुंबई-पुण्याकडील आपली कितीतरी मुले हे काम रोज करतात.

येथवर यंत्राची गोष्ट झाली. आता मेहनतीची.

क्यूएमू हे मोकळ्या परवान्याखाली प्रसिद्ध झाले आहे. त्याचा मुख्य परवाना जीपीएलची १९९१ ची दुसरी आवृत्ती. त्याचा आशय थोडक्यात असा: हा प्रोग्रॅम कोणीही घ्यावा, चालवावा, उघडून पाहावा, बदलावा, पण बदललेला प्रोग्रॅम दुसऱ्याला द्यावयाचा झाल्यास त्याचे मूळ लिखाणही याच अटींवर द्यावे. आमच्या कानाला हा परवाना सामुदायिक कराराच्या भाषेत बोलतो.

कामगार कार्यकर्ता म्हणून आमच्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की मजुरी न घेता केलेल्या श्रमाचे आम्ही कौतुक कसे करावे? आपल्याकडे बिनमजुरीच्या श्रमाला दोन नावे आहेत. एक वेठ. अधिकाऱ्याचा हुकूम आला की महाराने-कुणब्याने आपले काम टाकून ओझे वाहायचे. फळ त्याचे नाही, नकार देण्याची मुभा नाही. दुसरे नाव सावड. आज तुझ्या शेतात माझे बैल, उद्या माझ्या शेतात तुझे. पैसा सावडीतही हातात पडत नाही. परंतु तेथे देणारा आपल्या खुशीने देतो, परत मिळण्याचा हक्क राखून देतो, आणि गावाचा त्यावर डोळा असतो. मजुरी नाही एवढ्यावरून दोन्ही एक मानणे ही घोडचूक होईल. जीपीएलची अट म्हणजे सावडीचा नियम लेखी केलेला: घेतलेस तर दे.

बेलार यांनीही सर्वच काम पहिल्यापासून सावडीत घातले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. क्यूएमूला वेग देणारा केक्यूएमू नावाचा एक भाग त्यांनी आरंभी बंद ठेवला होता; त्याचे मूळ लिखाण कोणाला मिळत नसे. २००७ साली तोही जीपीएलखाली मोकळा झाला. आम्ही यात दोष पाहत नाही. प्रोग्रॅमरलाही पोट असते. २०१२ साली बेलार यांनी मोबाइल-नेटवर्कची साधने बनविणारी अमारीसॉफ्ट ही कंपनी सहकाऱ्यांसह काढली. तिचा माल विकत घ्यावा लागतो. म्हणजे एका हाताने धंदा आणि दुसऱ्या हाताने सावड, असा हा व्यवहार आहे. साधुत्वाचा शेंदूर फासण्याचे कारण नाही आणि निंदेचेही नाही.

मात्र सावडीत कोण किती उचलतो, हे पाहणे भाग आहे. २००६ साली क्वुमरानेट या इस्रायली कंपनीतील अवी किविटी यांनी केव्हीएम हा भाग लिहिला, आणि २००७ च्या आरंभी तो लिनक्सच्या गाभ्यात गेला. घरचे आणि पाहुणे यंत्र एकाच जातीचे असेल, तर तर्जुमा न करता पाहुण्याच्या आज्ञा प्रोसेसरकडूनच थेट करवून घेण्याची सोय त्यामुळे झाली. डिस्क, नेटवर्क, घड्याळ ही बाकीची सोंगे वठवावयास त्याने जोडीला घेतले ते क्यूएमूला. एका मोठ्या संगणकाच्या पोटात दहा-वीस खोटे संगणक चालवायचे आणि ते भाड्याने द्यायचे, हा क्लाउडचा धंदा पुढे फोफावला, त्याच्या पायाच्या दगडांपैकी ही जोडी एक होय. २००८ साली रेड हॅट या अमेरिकन कंपनीने क्वुमरानेट १० कोटी ७० लाख डॉलरांना विकत घेतली. कंपनीला किंमत आली. क्यूएमूला किंमत आली नाही, कारण ते विकण्याजोगे कोणाचे नव्हतेच. पण कंपनीच्या कामाची एक बाजू त्यावर तोललेली होती.

करार वाचण्याची सवय असलेल्या माणसाला येथे एक फट दिसते. जीपीएलची अट लागू होते ती प्रोग्रॅम दुसऱ्याला दिल्यावर. क्लाउडचा मालक प्रोग्रॅम कोणाला देत नाही. तो आपल्या वाड्यात चालवितो आणि त्याच्या कामाचे भाडे घेतो. त्याने केलेल्या सुधारणा परत द्याव्यात असे हा परवाना त्याला बांधून घालू शकत नाही. काही कंपन्या तरीही देतात, पगारी माणसे या कामावर बसवितात, आणि आज क्यूएमूचा मोठा भाग अशा पगारी हातांनी चालतो, हे खरे. पण ते त्यांच्या हिशेबावर आहे.

या फटीची किंमत काय पडते, ते १३ मे २०१५ रोजी जगाला कळले. त्या दिवशी क्यूएमूमधील एक दोष जाहीर झाला. त्याला 'व्हेनम' असे नाव दिले गेले. दोष होता फ्लॉपी डिस्कच्या सोंगात. काही आज्ञांनंतर तेथील ५१२ बाइटांचा कप्पा नीट आवरला जात नसे. एखाद्या दुष्टाने त्यात मापाबाहेर भरले, तर भाड्याच्या खोट्या संगणकाची भिंत ओलांडून खऱ्या संगणकात शिरण्याची वाट मिळे, आणि तेथून शेजारच्या भाडेकरूंच्या घरात. फ्लॉपी वापरणे लोकांनी केव्हाच सोडले होते. पण तिचे सोंग प्रत्येक इंटेल-पद्धतीच्या खोट्या संगणकात न मागता बसविलेले होते. हा दोष २००४ पासून तेथे होता. अकरा वर्षे! झेन आणि व्हर्च्युअलबॉक्स या दुसऱ्या साधनांनीही तेच लिखाण उसने घेतल्यामुळे त्यांनाही बाधा पोहोचली.

मोकळ्या कामाचे विरोधक म्हणतील, पाहा, सर्वांचे ते कोणाचेच नाही. आम्ही त्यातून निराळा बोध घेतो. लिखाण उघडे होते म्हणूनच बाहेरच्या तपासनिसाला दोष सापडला, आणि जाहीर होताच दुरुस्तीही सर्वांच्या हाती पडली. चूक उघडेपणाची नव्हती. अकरा वर्षे असंख्य घरांनी त्या विहिरीचे पाणी भरले, आणि गाळ काढण्याची पाळी कोणाची हे कोणी ठरविले नव्हते. नवी विहीर खणणाऱ्याचे नाव दगडावर कोरतात. दरसाल गाळ काढणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही. गिरणीतही नवे साचे आणणाऱ्याचा सत्कार होई, आणि तेल घालणाऱ्याची आठवण साचा अडल्यावर होई.

बेलार यांनी २००८ नंतर हळूहळू या कामातून अंग काढून घेतले आणि ते दुसऱ्या विषयांकडे वळले. २०११ साली त्यांनी तर इंटरनेटचे पान उघडावयाच्या ब्राउजरच्या आतच एक सबंध संगणक चालवून दाखविला. इकडे क्यूएमू मात्र थांबले नाही. डिसेंबर २०११ मध्ये त्याची १.० ही आवृत्ती निघाली. ज्याने आरंभ केला तो निघून गेल्यावर काम वाढत राहिले, ही आम्ही त्यांच्या योगदानाची खरी मोजणी समजतो. पुढारी गेल्यावर जी संघटना मोडते, तिच्या पुढाऱ्याने भाषणे चांगली केली असतील, बांधणी केली नव्हती.

आता याचा आमच्या नगराशी संबंध काय, असे कोणी विचारील. युनिकोड सार्वत्रिक होण्यापूर्वी मराठी छापखान्यांतून निरनिराळ्या कंपन्यांच्या निरनिराळ्या फाँटांत पुस्तकेच्या पुस्तके जुळविली गेली. त्या फाइली ज्या प्रोग्रॅमने केल्या, तो आजच्या संगणकावर पुष्कळदा चालत नाही. जुन्या संगणकाचे सोंग उभे केले तर त्यातील काही पुन्हा वाचता येते. सगळे नाही. कारण त्या प्रोग्रॅमपैकी काहींना संगणकाच्या पाठीमागे खोचण्याचे एक कुलूप असे, आणि कुलूप हरवले की सोंगही तेथे अडते. यंत्राचे सोंग घेता येते. मालकाच्या परवानगीचे घेता येत नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे. नगरपालिका असो, सहकारी पतपेढी असो, शाळा वा ग्रंथालय असो, नवा संगणक किंवा नवा प्रोग्रॅम घेताना किंमत विचाराच, पण त्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा. हे यंत्र भंगारात निघेल तेव्हा आमच्या नोंदी आम्हांला कोणाच्या कुलपाशिवाय वाचता येतील काय? आणि ज्या मोकळ्या कामावर आमचा कारभार चालणार, त्याच्या डागडुजीत आमचा वाटा कोणता? वाटा पैशाचाच हवा असे नाही. दोष आढळला तर नीट लिहून कळविणे, सूचना मराठीत उतरविणे, एखाद्या होतकरू मुलाला आठवड्याचे चार तास या कामासाठी मोकळे देणे, हाही वाटाच आहे. सावडीत ज्याच्याकडे बैल नसतात, तो आपले हात घेऊन जातो. पण जातो.